कारवीच्या बहरात नॅशनल पार्क

कारवीचं झुडूप आठ वर्षांतून एकदाच फुलतं. मुंबईच्या नॅशनल पार्कच्या डोंगरांवर २००८ आणि २०१६ला बहर आला होता, म्हणजे २०२४चा पाऊस ओसरताना पुन्हा येणार हे ठरलेलंच होतं. सप्टेंबर संपता संपता बोरिवलीच्या मैत्रिणीचा फोन आला, "कान्हेरीच्या वरच्या अंगाला जांभळं दिसायला लागलंय, निघ." तिचे वडील मुंबई महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. या जंगलातल्या तलावांचं ते इतकं जिव्हाळ्याने बोलतात की मुक्काम त्यांच्याकडे करायचा हा मोह मला नव्याने झाला नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचं कागदावरचं नाव. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला ठाणे आणि मुलुंड, उत्तरेला वसईची खाडी. चारी बाजूंनी वस्ती वाढत गेली आणि डोंगर तेवढे मध्ये राहिले. जाणारे बहुतेक जण बोरिवलीच्या दारातून आत शिरतात, कान्हेरीची लेणी बघतात आणि परततात. आम्हाला या वेळी डोंगराच्या बाकीच्या बाजूही बघायच्या होत्या.

शुक्रवार : कान्हेरी

आदल्या बुधवारी पावसाने मुंबईला झोडपून काढलं होतं. शुक्रवारी उघडीप मिळाली, पण झाडं अजून निथळत होती. दारापासून लेण्यांपर्यंत सहाएक किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. आत गाड्यांची सोय आहे, सायकलीही भाड्याने मिळतात. आम्ही चालत निघालो आणि ते फार बरं केलं, कारण पहिल्या वळणालाच मैत्रिणीने हात धरून थांबवलं.

रस्त्याच्या कडेला दोन झाडांच्या मध्ये दोन हात रुंदीचं जाळं. मधोमध तळहाताएवढी कोळीण, अंगावर पिवळे पट्टे, पायांच्या सांध्यांवरही पिवळा रंग. तिला इंग्रजी नावानेच ओळखतात, जायंट वूड स्पायडर. ऊन तिरपं झालं की जाळ्याचे धागे सोनेरी दिसतात आणि तो रंग उन्हाचा नसतो, धाग्याचाच असतो. नीट पाहिलं तर जाळ्याच्या वरच्या भागात एक तांबूस ठिपका हलत होता. तो तिचा नर. तिच्या पायाच्या पेरात मावेल एवढा. पाऊण तास आम्ही तिथेच होतो. मागून येणाऱ्या दोन कुटुंबांनाही थांबवून दाखवलं. त्यातल्या एका मुलाने विचारलं, "एवढाच बाबा?" आणि त्याची आई खळाळून हसली.

लेण्यांच्या पायथ्याशी पाड्यावरच्या बायका काकड्या घेऊन बसतात. लांब, फिकट हिरव्या, उभ्या चिरून तिखटमीठ लावलेल्या. तिथेच खाऊन घ्यावं. वर माकडं आहेत आणि हातातली पिशवी ती खाऊची समजूनच ओढतात. वर जाताना पाण्याची बाटलीही सॅकच्या आत ठेवा.

कान्हेरीला शंभरहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या शतकात इथल्या कातळाला पहिली छिन्नी लागली आणि पुढे हजारेक वर्षं काम चालू राहिलं. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य सगळे बघतात आणि तो बघावाच. ओसरीच्या दोन्ही टोकांना उभे असलेले विशाल बुद्ध, आत खांबांची रांग, त्यातले काही खांब कोरून पूर्ण झालेले आणि काही तसेच अष्टकोनी राहिलेले. अकरावं लेणं म्हणजे दरबार. चौतिसाव्यात छतावर बुद्धाचं अर्धवट राहिलेलं चित्र आहे. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व. नव्वदाव्यात भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशी लोकांनी कोरलेले. आपल्या आधी हजार वर्षांपूर्वी कुणीतरी केवळ बघायला इथवर आलं होतं, हे त्या अक्षरांसमोर उभं राहिल्यावर अंगावर येतं.

पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला तो पोढ्यांपाशी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. लेखांमध्येही त्याला पोढीच म्हटलंय. वरच्या कातळावर चार बोटं रुंदीची पन्हळ कोरलेली. ती दरवाजाला वळसा घालून खाली उतरते आणि थेट पोढीच्या तोंडाशी येते. छतावर पडलेला पाऊस आत गळू नये आणि वायाही जाऊ नये, अशी दुहेरी योजना. शुक्रवारी त्यातल्या एका पन्हळीतून अजून पाणी उतरत होतं. मी बोट लावून पाहिलं, गार आणि नितळ. कल्याण, सोपारा, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी भिक्षूंना लेण्यांबरोबर पोढ्याही दान दिल्या आणि ते ब्राह्मीत लिहून ठेवलं. दगड फोडणं किती कष्टाचं, तरी घरासोबत पाणी द्यायचं हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

लेण्यांच्या माथ्यावर गेलो आणि कारवी दिसली. अख्खा उतार जांभळा. छातीपर्यंत उंचीची झुडपं, खरखरीत मोठी पानं आणि काडीच्या पेरापेरातून फुलांचे झुबके. फुलाखालच्या कळ्यांना हात लावला की चिकटतो आणि त्या चिकाला एक गोडसर, कडवट वास येतो. दिवसभर हाताला तो राहिला. मधमाश्यांचा आवाज एवढा होता की आम्ही एकमेकींशी मोठ्याने बोलत होतो. फुलून झालं की हे झुडूप वाळतं. बी पुढच्या पावसापर्यंत वाळक्या बोंडात दम धरून राहतं, ओल लागली की बोंड तडकून बी उडतं आणि नवी रोपं पुन्हा सात वर्षं नुसती वाढत राहतात. म्हणजे पुढचा बहर २०३२मध्ये. काही मुली केसांत माळायला फुलं खुडत होत्या. मैत्रिणीने त्यांना शांतपणे सांगितलं, या झाडाला हे एवढंच एकदा फुलायला मिळतं. त्यांनी लगेच हात आवरला.

कारवी बघायला जाणाऱ्यांसाठी : सकाळी लवकर जा, दुपारी माथ्यावर सावली नाही. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पावसाने पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तळव्याला पकड असलेले बूट घाला. उतरताना कारवीच्या काड्यांचा आधार घेऊ नका, त्या मोडतात.

शनिवार : शिलोंडा

पार्कमधली शिलोंड्याची वाट ओढ्याच्या काठाने जाते. इथे आपल्या मनाने शिरता येत नाही. वनविभागाच्या माहिती केंद्रात आधी नोंदणी करावी लागते आणि वाटाड्या सोबत असतो. आमचा वाटाड्या पार्कमधल्याच एका पाड्यावरचा वारली तरुण. सगळे त्याला दादा म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो. कमी बोलायचा, पण बोलायचा ते नेमकं.

साग मागे पडला आणि ऐन, कळंब, बोंडारा सुरू झाले. मध्येच कांडोळाचं एक झाड. पांढरंफटक खोड, रात्री चांदण्यात चमकतं म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. खाली तेरडा गुलाबी फुललेला. शीळकरी कस्तूर हा पक्षी कुठेतरी ओढ्याच्या वरच्या अंगाला शीळ घालत होता. तो माणसासारखीच शीळ घालतो, त्यामुळे आमच्यातल्या एकाने दोनदा मागे वळून पाहिलं. एक नीलवंत फुलपाखरू वाट ओलांडून गेलं. मखमली काळे पंख आणि मागच्या पंखांवर निळा रंग. २०१५ला ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं.

दादा एकदम थांबला. हात वर. आम्हीही थांबलो. त्याने बोट केलं ती फांदी माझ्या खांद्यापासून दोन हातांवर होती आणि मला त्यात काहीच दिसेना. मग पानांमधली एक हिरवी रेघ जरा जाड आहे हे लक्षात आलं. चापडा साप. बांबूच्या पानासारखा हिरवा, त्रिकोणी डोकं, शेपटीने फांदीला विळखा. विषारी आहे. आम्ही चार पावलं मागे सरकलो. "तो काही करणार नाही. बेडूक येईल म्हणून बसलाय. काल पण इथेच होता," दादा म्हणाला. कालपासून एकाच फांदीवर! मी मोबाइल काढला तर त्याने नुसती मान हलवली आणि मी तो परत ठेवला. फोटोसाठी एक पाऊल पुढे टाकणं म्हणजे त्याच्या कक्षेत जाणं.

ओढा ओलांडायच्या जागी पोचलो आणि पाऊस आला. आधी पानांवर आवाज, मग समोरचं दिसेनासं. दादाने सगळ्यांना काठापासून वर, एका चढाच्या खडकापाशी नेऊन बसवलं. बघता बघता घोट्याएवढं पाणी गुडघ्याएवढं झालं आणि गढूळलं. पंधरा-वीस मिनिटांनी पाऊस थांबला, पण दादा हलायला तयार नाही. "आपल्यावरचा थांबला. वरच्या डोंगरावरचा अजून यायचाय." खरंच, पाऊस थांबल्यानंतर पाणी आणखी चढलं. जवळजवळ तासाभराने ते उतरलं तेव्हा पुन्हा नितळ झालेलं होतं.

त्या तासाभरात गप्पा झाल्या. कारवीच्या काड्या विणून, वर शेणमातीचा लेप देऊन त्यांच्या घराच्या भिंती व्हायच्या. फुलून वाळलेली कारवी त्याच कामाला यायची. आता पाड्यावर बरीचशी घरं विटांची आणि पत्र्याची आहेत. बिबट्याचं विचारल्यावर तो सहज म्हणाला, "आमचा वाघोबा आहे. दिवाळीआधी वाघबारशीला नारळ फोडतो." पार्क आणि त्याच्या आसपासच्या भागात कॅमेरे लावून केलेल्या गणतीत २०१५ला ३५ बिबटे आढळले होते, २०१८ला ४७. एवढ्या दाट वस्तीशेजारी एवढे बिबटे जगात क्वचितच कुठे असतील. पाड्यावर तिन्हीसांजेला मुलं एकटी बाहेर जात नाहीत, कचरा उघड्यावर टाकत नाहीत, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. जंगलाच्या कडेला इमारतीत राहणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी खूप होईल.

रविवार : येऊर

हा डोंगराचा ठाण्याकडचा उतार. रविवारी इथे जाऊ नका. उपवन तलावापासूनच गाड्यांची रांग आणि काही ठिकाणी मोठ्या आवाजातली गाणी. राष्ट्रीय उद्यानाच्या अंगावर ढोल वाजवून लोकांना काय मिळतं हे मला समजत नाही. मला त्याचा मनापासून राग येतो.

पण वनविभागाच्या नाक्याच्या पुढे, रस्ता सोडून आत गेलं की शेतं लागतात. पाटोणपाड्याच्या अलीकडे हळवा भात पिवळा पडला होता, एका खाचरात कापणी सुरू होती. मैत्रिणीच्या ओळखीच्या एका मावशींकडे जेवणाचं सांगून ठेवलं होतं. मातीच्या ओट्यावर पाट. तांदळाची भाकरी, भोपळ्याच्या पानांची भाजी, सुक्या बोंबलाची चटणी आणि करटोली. मोसम संपत आलेला असल्यामुळे मावशींनी सकाळभर हिंडून जेमतेम मूठभर करटोली आणली होती आणि ती सगळी आमच्या पानात वाढली. आम्ही नको नको म्हणत होतो तर म्हणाल्या, "तुम्ही काय रोज येता होय? खा गं मुलींनो." बोंबलाची चटणी पाट्यावर वाटलेली, मिरची भाजून. नाकातून पाणी आलं तरी हात थांबला नाही. त्यांच्याकडून पुढच्या वर्षासाठीही सांगून आलोय. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी उगवते, ती काकड नावाच्या रानझाडाच्या फळांसोबत शिजवून खाजरेपणा कसा काढायचा हे त्या दाखवणार आहेत.

याच बाजूने बोरिवलीपर्यंत जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन त्याच वर्षी जुलैमध्ये झालं. ११.८ किलोमीटरचा मार्ग, त्यातला बराचसा भाग या डोंगरांच्या पोटातून. मावशींच्या मुलाला घोडबंदरच्या रस्त्यावरची रोजची कोंडी सोसावी लागते, त्याला बोगदा हवा आहे. मावशींना मात्र विहिरीची काळजी. आदल्या दिवशी शिलोंड्याला डोंगर पाणी कसं धरतो आणि सोडतो ते पाहून आलेली मी, मला त्यांची काळजी जास्त पटली.

सोमवार : दहिसर नदी

सोमवारी नॅशनल पार्क बंद असतो. बाहेरगावहून येणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, दाराशी येऊन परतणारे दर आठवड्याला दिसतात.

काकांनी, म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांनी, त्या दिवशी आम्हाला नदी दाखवायला नेलं. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरांतून निघते आणि जेमतेम बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. पार्कच्या आत ती दगडांवरून खळाळते, मुलं तिच्यात पाय सोडून बसतात. दौलतनगरच्या पुलावर आम्ही उभे राहिलो तेव्हा खाली दोन काँक्रीटच्या भिंतींमध्ये काळपट पाणी होतं, वर तरंगणाऱ्या पिशव्या, आणि तबेल्यांचा शेणाचा वास. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. काका बराच वेळ कठड्याला हात लावून उभे होते.

नंतर चहा घेताना त्यांनी कागदावर रेघा काढून डोंगराचं सगळं पाणी समजावलं. मुंबईला नळाने पाणी मिळालं ते पहिल्यांदा १८६०मध्ये, विहार तलावातून. तुळशी १८७९चा. दोन्ही आजही चालू आहेत आणि दोन्ही या जंगलाच्या आत. विहारमध्ये सुमारे २,७६९ कोटी लिटर मावतं, तुळशीत ८०४ कोटी. मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा, तानसा, वैतरणेच्या मोठ्या तलावांच्या मानाने थेंबभर, पण शहराच्या अगदी उशाशी. तुळशी भरला की जादा पाणी विहारला येतं. विहार भरला की मिठी नदीत. म्हणून या डोंगरांवर पाऊस किती पडला आणि झाडांनी किती धरला याचा हिशोब शेवटी कुर्ला आणि वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा काका कामावर होते. "त्या रात्री फोन ठेवायची सोय नव्हती," एवढंच बोलून त्यांनी कागद घडी करून मला दिला.

विहार आणि तुळशी, दोन्ही तलावांवर सहल म्हणून जाता येत नाही. पिण्याचं पाणी आहे, ते योग्यच.

मंगळवार : नागला

नागला ब्लॉक पार्कचाच भाग, पण वसईच्या खाडीच्या पलीकडे. अहमदाबाद महामार्गावर खाडीपूल ओलांडल्यावर ससूपाड्याहून आत वळायचं. इथेही नोंदणी करून वाटाड्याबरोबरच जावं लागतं आणि मला विचाराल तर सगळ्या वाटांमध्ये ही पहिली करावी. गर्दी नाही. आमच्या अख्ख्या सकाळी दुसरं कुणी भेटलं नाही.

एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला तिवरं. ओहोटी होती. चिखलात निवट्या नावाचे लहान मासे सरपटत होते, पाण्याबाहेर, वर आलेले डोळे चहूकडे फिरवत. खेकड्यांची एक जात अशी की नराची एक नांगी लहान आणि दुसरी अंगाएवढी मोठी. शेकडो नर आपापल्या बिळाच्या तोंडाशी ती नांगी उंचावून हलवत उभे होते. आमची सावली चिखलावर पडली की सगळे एका क्षणात आत. आम्ही मुकाट बसलो की मिनिटभराने एकेक बाहेर. वाट चढून वर गेल्यावर खाडीपलीकडे कालपर्यंत फिरलो ते सगळे डोंगर एका रांगेत दिसले आणि पाठीमागे उत्तरेला तुंगारेश्वरचं अभयारण्य.

ही रांग तुंगारेश्वरशी जोडलेली राहणं किती महत्त्वाचं आहे हे इथे कळतं, कारण मध्ये महामार्ग आहे, वसई-दिवा लोहमार्ग आहे, गोदामं आहेत. वाटाड्याने आजोबाची गोष्ट सांगितली. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या, म्हणून त्याचं नाव आजोबा. २००९मध्ये गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत, सव्वाशेएक किलोमीटर चालून या डोंगरांत आला. २०११च्या शेवटी अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने गेला. गोष्ट ऐकताना खालून त्याच महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज सतत येत होता. एका बिबट्याला हा रस्ता सापडला तो कुणी दाखवल्याशिवाय. त्याच्यासारख्यांना महामार्ग ओलांडायला भुयारी वाट आणि दोन्ही बाजूंना झाडी एवढं तरी आपण द्यायला हवं आणि ते नवे प्रकल्प आखतानाच व्हायला हवं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. नागल्याला निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, ओहोटीलाच चिखलातली मजा दिसते. पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे घाला आणि अत्तर लावू नका. जेवण आणि दोन लिटर पाणी सोबत हवं, वाटेत काही मिळत नाही. नोंदणी शक्यतो मधल्या वारांची करा. फुलपाखरं आणि कोळी बघायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबर, पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी, पांगारा आणि सावर फुललेले हवे असतील तर होळीच्या आसपास. वाटाड्याला ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त काही द्यावंसं वाटलं तर पाड्यावरच्या बायकांकडून भाजी, काकडी विकत घ्या. आम्ही परतताना दुधी आणि शिराळी घेतली, काकूंनी त्याच रात्री शिराळ्याच्या सालांची चटणी केली.